घरच्या कॉम्प्युटरमधून स्पायवेअर कसं काढायचं? आणि काढल्यानंतर काय करायचं?

घरात एकच कॉम्प्युटर असतो. बाबा त्यावर सोसायटीचा हिशोब ठेवतात, आई नेट बँकिंगने लाइट बिल भरते, ताई कॉलेजचं प्रोजेक्ट करते आणि धाकटा भाऊ गेम खेळतो. एक दिवस ब्राउझर उघडल्यावर गुगलऐवजी भलतंच सर्च पेज येतं. पंखा उगाच जोरात फिरायला लागतो. कोणीतरी सांगतं, "तुमच्या मेलवरून मला विचित्र लिंक आली."

यावर घरोघरी दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "चालतंय तोवर चालू दे." दुसरं, "दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आण."

पहिलं उत्तर धोक्याचं आहे हे सांगायला नको. पण दुसरंही अपुरं आहे. फॉरमॅट मारल्याने कॉम्प्युटर साफ होतो, पण त्यातून आधीच बाहेर गेलेला पासवर्ड परत येत नाही. चोर घरातून हाकलला, पण किल्लीची नक्कल त्याच्या खिशातच राहिली, असा हा प्रकार आहे. म्हणून स्पायवेअर काढणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं काम म्हणजे कुलपं बदलणं. या लेखात दोन्ही कामं क्रमाने पाहू. कॉम्प्युटर विंडोजचा आहे असं धरलं आहे, कारण घरोघरी बहुतेक तोच असतो.

एक महत्त्वाची सूचना: खात्यातून पैसे गेले असतील तर सफाई नंतर करा. आधी १९३० या क्रमांकावर फोन करा. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

## स्पायवेअर म्हणजे नेमकं काय?

तुमच्या नकळत कॉम्प्युटरमध्ये बसून तुमची माहिती दुसऱ्याला पाठवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्पायवेअर. फाइल्स बिघडवणं हे त्याचं काम नाही. उलट, तुम्हाला शंका येऊ नये म्हणून ते शक्यतो शांत राहतं.

हा प्रकार नवा नाही. विंडोज एक्सपीच्या काळात फुकट सॉफ्टवेअरसोबत टूलबार यायचे. तुम्ही कोणत्या साइट्स पाहता याची नोंद करून ते जाहिराती दाखवायचे. २००५ मध्ये तर सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या सीडीच वादात सापडल्या. कॉपी रोखण्यासाठी त्यांत घातलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसायचं. हे उघडकीस आल्यावर कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. त्याच सुमारास, डिसेंबर २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने स्पायवेअर काढणारी एक छोटी कंपनी विकत घेतली. तिच्याच सॉफ्टवेअरमधून पुढे विंडोज डिफेंडर तयार झाला. आज तो प्रत्येक विंडोजसोबत फुकट येतो.

आज घरच्या कॉम्प्युटरमध्ये साधारण हे प्रकार सापडतात:

- अॅडवेअर आणि ब्राउझर हायजॅकर: होमपेज आणि सर्च इंजिन बदलतात, जाहिराती घुसवतात, ब्राउझिंगवर नजर ठेवतात.
- कीलॉगर: कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण नोंदवतो.
- इन्फोस्टीलर: ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि कुकीज एका झटक्यात गोळा करून पाठवतो.
- रिमोट अॅक्सेस ट्रोजन: तुमचा स्क्रीन, कॅमेरा आणि फाइल्स दुसऱ्याच्या हाती देतो.

यातला इन्फोस्टीलर सध्या सगळ्यात जास्त त्रासदायक आहे. 'लुमा' नावाच्या अशाच एका इन्फोस्टीलरवर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि युरोपोलसह अनेक यंत्रणांनी मिळून कारवाई केली. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांतच लुमा शिरलेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर जगभरात आढळल्याचं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं होतं.

बातम्यांमध्ये गाजलेलं पेगॅसस हेही स्पायवेअरच, पण ते ठरावीक लोकांच्या मोबाइलवर पाळत ठेवण्यासाठी वापरलं गेलं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये जे शिरतं, ते तुम्हाला ओळखतही नाही. जो सापडेल त्याची माहिती उचलायची आणि विकायची, एवढंच त्याचं काम.

## ते घरात येतं कुठून?

बहुतेक वेळा आपणच त्याला दार उघडतो.

क्रॅक सॉफ्टवेअर: फोटोशॉप फुकट, ऑफिस फुकट, विंडोज अॅक्टिव्हेट करणारी फाइल फुकट. अशा फाइलसोबत बऱ्याचदा एक सूचना असते, 'इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा.' राखणदाराला सुट्टी द्या आणि मग आम्ही आत येतो, असाच याचा अर्थ आहे.

खोटा कॅप्चा: 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं सांगणारं पान उघडतं. चित्रं ओळखायला सांगण्याऐवजी ते म्हणतं, विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. यात तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला स्पायवेअर डाउनलोड करायचा आदेश देत असता. खरा कॅप्चा असं कधीही करायला सांगत नाही. लुमाच्या प्रसारात ही युक्ती सर्रास वापरली गेली.

मेलमधली फाइल: कुरियरची पावती, आयकर नोटीस, नोकरीचं ऑफर लेटर. नाव पीडीएफचं असतं, पण शेवटी डॉट ईएक्सई असतं. विंडोज नेहमीच्या फाइल्सचं शेवटचं आडनाव लपवतं, त्यामुळे ते दिसत नाही.

खोटा कस्टमर केअर: गुगलवर शोधलेल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं अॅप टाकायला लावतो. याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

## लक्षणं कोणती?

- होमपेज किंवा सर्च इंजिन आपोआप बदललं आहे.
- ब्राउझरमध्ये तुम्ही न टाकलेलं एक्स्टेंशन दिसतंय.
- काही उघडलेलं नसतानाही कॉम्प्युटर तापतो, नेट संथ होतं.
- विंडोज डिफेंडर आपोआप बंद झाला आहे, चालू केला तरी राहत नाही.
- वापरत नसताना कॅमेऱ्याचा दिवा लागतो.
- न केलेल्या लॉगिनचे मेल किंवा न मागितलेले ओटीपी येतात.

मात्र संथ झालेला प्रत्येक कॉम्प्युटर बाधित नसतो. जुनी हार्ड डिस्क, भरलेली सी ड्राइव्ह किंवा कमी रॅम हीदेखील कारणं असू शकतात. तसंच स्क्रीनच्या कोपऱ्यात येणारं 'तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस सापडले' हे बहुतेक वेळा एखाद्या साइटचं नोटिफिकेशन असतं. कधीतरी चुकून 'अलाऊ' दाबलेलं असतं. त्यावर क्लिक करू नका, त्यातल्या नंबरवर फोन तर अजिबात करू नका.

याच्या उलटही खरं आहे. इन्फोस्टीलर काही मिनिटांत काम उरकून स्वतःला पुसूनही टाकू शकतो. कॉम्प्युटर मग अगदी नीट चालतो आणि स्कॅनमध्येही काही मिळत नाही. म्हणून गेल्या काही दिवसांत क्रॅक फाइल चालवली असेल किंवा तो खोटा कॅप्चा 'पूर्ण' केला असेल, तर लक्षण नसलं तरी पुढच्या सगळ्या पायऱ्या करा.

## सफाई: पायरीपायरीने

### पायरी १: नेट तोडा

वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. स्पायवेअरला माहिती पाठवायला नेट लागतं. ते तुटलं की निदान पुढची गळती थांबते. या कॉम्प्युटरवर आता बँक, मेल, काहीही उघडू नका. तातडीचं काम असेल तर मोबाइल डेटावर फोनवरून करा.

### पायरी २: फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढा

एका पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं घ्या. डाउनलोड फोल्डर जसाच्या तसा उचलू नका. सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइल्स आणि झिप फाइल्स घेऊ नका, कारण मूळ रोग बऱ्याचदा त्यांतच असतो. सफाई होईपर्यंत हा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू नका.

### पायरी ३: अनोळखी प्रोग्रॅम काढा

सेटिंग्जमध्ये अॅप्स आणि मग इन्स्टॉल्ड अॅप्स उघडा. विंडोज १० मध्ये याचं नाव अॅप्स अँड फीचर्स आहे. यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय आलं, ते बघा आणि अनइन्स्टॉल करा.

नाव अनोळखी आहे म्हणून लगेच उडवू नका. इंटेल, रिअलटेक, एनव्हिडिया किंवा व्हिज्युअल सी++ अशा नावांचे प्रोग्रॅम कॉम्प्युटरला लागतात. शंका आली तर फोनवर नाव शोधून पाहा.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी अॅप्स मात्र नक्की तपासा. ती मुळात कायदेशीर आणि कामाची आहेत, त्यामुळे अँटीव्हायरस त्यांना सहसा हात लावत नाही. पण कोणा 'कस्टमर केअर'ने ती टाकायला लावली असतील आणि तुम्हाला त्यांची गरज नसेल, तर ती तुम्हालाच काढावी लागतील.

### पायरी ४: ब्राउझर झाडून घ्या

क्रोम, एज, फायरफॉक्स, जे जे वापरता त्या प्रत्येकात हे करा:

- एक्स्टेंशनची यादी उघडा आणि न ओळखीची सगळी काढा.
- सर्च इंजिन आणि होमपेज पूर्ववत करा.
- साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइट्स पाहा आणि नको त्या काढून टाका.
- शेवटी सेटिंग्ज रिसेट करा. यात बुकमार्क जात नाहीत.

क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसत असेल तर थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे असणारच. काही अँटीव्हायरसमुळे घरीही दिसू शकतं. पण तसं कारण नसताना दिसलं, तर एखाद्या प्रोग्रॅमने ब्राउझरचा ताबा घेतल्याची शक्यता असते. अशा वेळी एक्स्टेंशनचं 'रिमूव्ह' बटणच चालत नाही. पुढच्या स्कॅननंतर पुन्हा तपासा.

आणखी एक गोष्ट. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर काढलेलं एक्स्टेंशन तुमच्या गुगल अकाउंटमार्फत दुसऱ्या कॉम्प्युटरवरून परत येऊ शकतं. म्हणून घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ही झाडाझडती घ्या.

### पायरी ५: डिफेंडरने स्कॅन करा

विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा. स्कॅनच्या आधी तिथल्या मॅनेज सेटिंग्जमध्ये 'एक्सक्लूजन्स' ही यादी बघा. ज्या फाइल्स तपासायच्या नाहीत, त्यांची ही यादी असते. बरंचसं स्पायवेअर आत शिरताच स्वतःचा फोल्डर इथे घालून ठेवतं. काही क्रॅकवाले तर तो तुम्हालाच घालायला सांगतात. मग स्कॅन कितीही वेळा करा, काही सापडणार नाही. तुम्ही जाणूनबुजून न घातलेली प्रत्येक नोंद काढून टाका.

आता थोडा वेळ नेट जोडून डिफेंडर अपडेट करा आणि पुन्हा तोडा. मग स्कॅन ऑप्शन्समधून आधी 'फुल स्कॅन' करा. डिस्क मोठी असेल तर याला काही तास लागू शकतात. रात्री लावून झोपलात तरी चालेल.

त्यानंतर त्याच यादीतला 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच साधारण १५ मिनिटांत तपासणी होते. काही स्पायवेअर विंडोज चालू असताना स्वतःला लपवतं. विंडोज झोपलेलं असताना त्याला लपायला जागा राहत नाही, म्हणून हा स्कॅन चुकवू नका.

### पायरी ६: दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या

एका सॉफ्टवेअरला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसू शकतं. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर यासाठी वापरता येईल. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, त्यामुळे जुनी फाइल न वापरता ताजी घ्या.

सरकारचीही सोय आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्याच्या वेबसाइटवर फुकट बॉट रिमूव्हल टूल मिळतं. पुण्याची क्विक हील ही कंपनीही या उपक्रमात सहभागी झाली होती.

सावध राहायचं ते इथेच. 'स्पायवेअर रिमूव्हर' असं गुगलवर टाकून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. स्पायवेअर काढण्याच्या नावाखाली स्पायवेअरच देणारी सॉफ्टवेअर फार पूर्वीपासून आहेत. कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. आणि सतत पहारा देणारा अँटीव्हायरस एकच ठेवा. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात आणि कॉम्प्युटर अडकतो.

### पायरी ७: स्टार्टअप आणि प्रॉक्सी तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. स्टार्टअप अॅप्समध्ये कॉम्प्युटर सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दिसते. अनोळखी नाव डिसेबल करा.

मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली प्रॉक्सी उघडा. घरच्या नेटला सहसा प्रॉक्सी लागत नाही. तिथे एखादा पत्ता भरलेला असेल, तर तुमचं ब्राउझिंग दुसऱ्याच्या हातून जात असण्याची शक्यता आहे. ते बंद करा.

रीस्टार्ट करा. दोन-तीन दिवस वापरून पाहा आणि पुन्हा एक फुल स्कॅन करा.

## तरीही गेलं नाही तर?

स्कॅनर पुन्हा पुन्हा तेच नाव दाखवत असेल, डिफेंडर चालूच होत नसेल किंवा रिमोट अॅक्सेस ट्रोजन सापडला असेल, तर झटापट सोडा आणि विंडोज नव्याने टाका.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी आणि मग 'रिसेट धिस पीसी' असा मार्ग आहे. दोन पर्याय येतात. 'कीप माय फाइल्स'मध्ये अॅप्स जातात पण तुमच्या फाइल्स राहतात. स्पायवेअरची शंका असेल तर 'रिमूव्ह एव्हरीथिंग' जास्त भरवशाचा. त्यापुढे 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर विंडोजची ताजी प्रत थेट मायक्रोसॉफ्टकडून येते.

रिसेटआधी दोन गोष्टी बघा. एक, पायरी २ मधला बॅकअप खरंच उघडतो का. दोन, कॉम्प्युटरमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते. फोनवरून लॉगिन करून ती कागदावर लिहून ठेवा.

दुकानात देणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा, "विंडोज ओरिजिनल टाकणार ना?" विकत घेताना लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज आलं असेल, तर त्याचं लायसन्स त्या मशीनशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती पुन्हा टाकायला नवं विकत घ्यावं लागत नाही. स्पायवेअर काढून क्रॅक विंडोज टाकून आणणं म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर येणं.

## आता कुलपं बदला

सफाई झाली. पण आत काय काय होतं आणि त्यातलं काय गेलं, हे कळायला मार्ग नाही. म्हणून सगळं गेलं असं धरून चाला.

पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ उपकरणावरून. फोन किंवा दुसरा कॉम्प्युटर चालेल. बाधित कॉम्प्युटरवरच नवा पासवर्ड टाकला तर तोही लगेच चोराच्या वहीत नोंदला जातो. घाईत हीच चूक सगळ्यात जास्त होते. सफाई पूर्ण व्हायला वेळ लागणार असेल तर थांबू नका. फोनवरून हे काम लगेच सुरू करा.

क्रम असा ठेवा:

1. मुख्य ईमेल. बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट करण्याची लिंक इथेच येते.
2. नेट बँकिंग. ब्राउझरमध्ये कार्ड सेव्ह असेल तर बँकेच्या अॅपमधून ते ब्लॉक करून नवं मागवा.
3. कार्ड जोडलेली खरेदीची अॅप्स आणि डीमॅट.
4. सोशल मीडिया.
5. आयकर, डिजिलॉकर आणि इतर सरकारी खाती.

फक्त पासवर्ड बदलून भागत नाही. वॉटर पार्कमध्ये तिकीट एकदाच तपासतात आणि मनगटावर पट्टा बांधतात. मग दिवसभर पट्टा पाहूनच आत सोडतात. वेबसाइटही तुम्ही एकदा लॉगिन केलं की ब्राउझरमध्ये असाच एक पट्टा ठेवते. त्याला सेशन कुकी म्हणतात. इन्फोस्टीलर हा पट्टाच चोरतो. मग चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. "टू-स्टेप चालू असताना अकाउंट गेलं कसं?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून प्रत्येक खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय वापरा. गुगलमध्ये सिक्युरिटीखाली 'युवर डिव्हायसेस' आहे. व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा. जीमेलमध्ये आणखी दोन जागा तपासा: फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स. तुमच्या मेलची प्रत गुपचूप दुसरीकडे जाईल अशी सोय चोराने करून ठेवलेली असू शकते. रिकव्हरी फोन नंबर आणि मेल तुमचेच आहेत ना, तेही पाहा.

डेस्कटॉपवर 'आधार', 'पॅन' नावाचा फोल्डर असतोच. तो गेला असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्टवर लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज त्यात दिसेल.

## पैसे गेले असतील तर?

१. लगेच १९३० वर फोन करा. ही राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन आहे. जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

२. बँकेला कळवा, खातं किंवा कार्ड ब्लॉक करा आणि तक्रार क्रमांक घ्या.

३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराबद्दल बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. उशीर झाला तर ती वाढत जाते. स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरलं जातं. त्यामुळे "उद्या शाखेत जाऊन बघू" असं करू नका.

आणि अशा वेळी कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. तो पुरावा आहे. नेट तोडून, बंद करून ठेवा आणि पोलिसांना विचारूनच पुढचं करा.

## स्पायवेअर घरातल्याच कोणी बसवलं असेल तर?

याबद्दल फारसं बोललं जात नाही. नवरा, जुना जोडीदार, कधी घरातला दुसरा कोणी 'लक्ष ठेवायला' कॉम्प्युटरमध्ये असं सॉफ्टवेअर टाकतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं आणि माहिती काढून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरतो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नातं हा त्यावरचा परवाना नाही.

पण इथे सफाईची घाई करू नका. सॉफ्टवेअर बंद पडलं की ते बसवणाऱ्याला लगेच कळतं आणि त्यातून हिंसा भडकू शकते. आधी विश्वासातल्या व्यक्तीच्या फोनवरून मदत मागा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तातडीचा धोका असेल तर ११२. स्क्रीनवर दिसणाऱ्या खुणांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. कीबोर्डची वायर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एखादा छोटा अनोळखी तुकडा लावलेला नाही ना, हेही बघा. तो कीलॉगर असू शकतो आणि कोणत्याही स्कॅनमध्ये सापडत नाही.

## पुन्हा येऊ नये म्हणून

- रोजच्या वापराला साधं अकाउंट: अॅडमिन अकाउंट वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडे असू द्या. मुलांनी काही इन्स्टॉल करायला घेतलं की पासवर्ड मागितला जाईल.
- अपडेट: मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मशीन चालत असेल तर विंडोज ११ वर जा. ते शक्य नसेल तर निदान त्या कॉम्प्युटरवर बँकिंग करू नका.
- फाइलचं आडनाव दिसू द्या: फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' चालू करा. पीडीएफच्या वेशातली ईएक्सई लगेच ओळखू येईल.
- पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका: वेगळा पासवर्ड मॅनेजर वापरा. बँकेचा पासवर्ड तर कुठेच सेव्ह नको.
- काम झालं की लॉगआउट: बँक आणि डीमॅटमधून नीट बाहेर पडा. पट्टाच उरला नाही तर चोरणार काय?

## काही नेहमीचे प्रश्न

डिफेंडर पुरतो का, की विकतचा अँटीव्हायरस हवाच?
अपडेटेड विंडोज, चालू असलेला डिफेंडर आणि क्रॅकपासून लांब राहण्याची सवय, एवढं बहुतेक घरांना पुरतं. सवय नसेल तर महागडा अँटीव्हायरसही वाचवू शकत नाही.

इन्कॉग्निटो मोडमध्ये सुरक्षित राहतो का?
नाही. इन्कॉग्निटो फक्त ब्राउझरमधली हिस्ट्री ठेवत नाही. कीलॉगरला सगळं दिसतं.

मॅकला स्पायवेअर लागत नाही, खरं का?
खरं नाही. मॅकसाठीही इन्फोस्टीलर आहेत. तिथे अॅप्लिकेशन्स, लॉगिन आयटम्स आणि ब्राउझर एक्स्टेंशन तपासा. पासवर्डचे नियम तेच.

स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. मग पासवर्ड बदलायचे की नाही?
संशयास्पद फाइल चालवली असेल तर बदलायचेच. रिकामा स्कॅन एवढंच सांगतो की आत्ता आत कोणी नाही. काल कोणी येऊन गेलं का, हे तो सांगत नाही.